दाताचे मूळ आणि त्यासंबंधीचे गैरसमज
(वडखळ परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खालच्या इयत्तांच्या वर्गात वर्षातून दोनचार वेळा तरी एक दृश्य हमखास दिसते. एखादे मूल गालाला फडके बांधून येते, बाकावर डोके टेकून बसते, दुपारच्या पोषण आहाराची खिचडी तशीच ठेवते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे शाळेत येणे बंद होते. चौकशी केली असता घरून निरोप येतो, ‘दाढ दुखते.’ चारसहा दिवसांनी तेच मूल हसतखेळत परत येते. दाढ आपोआप बरी झाली असे आई सांगते, गुरुजींनाही बरे वाटते आणि प्रकरण तेथेच मिटते. दाताच्या मुळासंबंधी जे काही सांगावयाचे आहे त्याचा आरंभ या समाधानापासूनच करावयास हवा. कारण पुष्कळदा ते समाधान खोटे असते. दाढ बरी झालेली नसते. तिच्या आतील जिवंत भाग मेलेला असतो, आणि मेलेल्याला वेदना कळत नाही.

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून पोकळ असतो. सर्वांत वर एनॅमलचे कवच. मानवी शरीरात याहून कठीण पदार्थ दुसरा नाही. त्याखाली डेन्टिनचा पिवळसर थर, आणि मधोमध एक लहानशी पोकळी. या पोकळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी भरलेला मऊ गर असतो. दंतवैद्य त्यास पल्प म्हणतात. लोकव्यवहारात त्याला सरसकट ‘नस’ म्हणतात. हा गर मुळांतील बारीक नळ्यांवाटे जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो. पुढच्या दातात बहुधा एक नळी, खालच्या दाढेत बहुधा तीन, वरच्या दाढेत तीन किंवा चार. या नळ्यांनाच इंग्रजीत रूट कॅनाल असे नाव आहे. म्हणजे ते मुळात उपचाराचे नाव नसून दाताच्या एका भागाचे नाव आहे. ‘शेजारच्या काकांना रूट कॅनाल झाले’ असे जे बोलले जाते, त्यात एखाद्या रोगाचाच भास होतो. भीतीची सुरुवात कदाचित या भाषेपासूनच होत असावी.

शरीरात अन्यत्र सूज आली म्हणजे ती जागा फुगते. दाताच्या गराला फुगावयास जागाच नसते, कारण सभोवार कठीण भिंती असतात. आतला दाब वाढतो, मज्जातंतू चेपले जातात आणि जीव नकोसा करणारा ठणका सुरू होतो. माणूस आडवा झाला की डोक्याकडील रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून दाढ रात्री अधिक ठणकते. दिवसभर बरे असलेले मूल रात्री रडते ते हट्टामुळे नव्हे.

वडखळच्या नाक्यावर मुंबई–गोवा महामार्गाला अलिबागचा फाटा फुटतो. तेथून खाडीच्या बाजूस गेले म्हणजे खारेपाटाची भातशेती लागते. तिथल्या शेतकऱ्याला दाताचा रोग समजावून सांगणे फारसे अवघड नाही. उधाणाच्या पाण्याने बाहेरच्या बांधाला बारीकशी खांड पडली, तर ती तत्काळ बुजवावी लागते, हे तो बापजाद्यांपासून जाणतो. खांड लहान असताना चार माणसांच्या हातांनी काम भागते. परंतु खारे पाणी एकदा शेतात शिरले म्हणजे नुसता बांध सांधून उपयोग नाही. आत कोंडलेले पाणी उघाडीवाटे बाहेर जाऊ द्यावे लागते, मग बांध पक्का करावा लागतो. दाताची स्थिती तंतोतंत हीच. कीड वरच्या थरात असेतोवर सिमेंट किंवा चांदी भरून काम होते, व त्यास वेळ आणि पैसा दोन्ही थोडे लागतात. कीड गरापर्यंत पोहोचून गर सडला म्हणजे वरचे भोक बुजविणे व्यर्थ, किंबहुना अपायकारक; घाण आत कोंडली जाते. अशा वेळी सडलेला गर काढून, नळ्या धुऊन स्वच्छ करून, त्या मुळाच्या टोकापर्यंत बंद कराव्या लागतात. रूट कॅनालचा उपचार म्हणतात तो एवढाच.

‘कीड’ हा शब्द आला आहे, तेव्हा त्याविषयीही दोन शब्द सांगणे भाग आहे. दाढेत खरोखरच अळी असते, ही समजूत फार प्राचीन आणि जगभर पसरलेली. महाराष्ट्रात भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर नळीने तोंडात घेण्याची व नंतर भांड्यातील पाण्यावर तरंगणारे पांढरे ‘किडे’ दाखविण्याची चाल होती. बाजारच्या दिवशी असा उपचार करणारे फिरस्ते वैदू अनेक वृद्धांना आठवत असतील. ते किडे म्हणजे भाजून फुटलेल्या बियांचेच पांढरे अवशेष. फ्रान्समधील प्येर फोशार याने १७२८ साली आपला दंतवैद्यकावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात सूक्ष्मदर्शकाने पाहूनही अशी अळी आढळली नसल्याचे त्याने नमूद केले. खरी कीड डोळ्यांना दिसत नाही. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९० साली दाखवून दिले की, तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिठूळ पदार्थ यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. गोळी चघळीत वर्गात बसणाऱ्या मुलाच्या तोंडात हेच काम चाललेले असते. पाच पैशांच्या गोळीचे दिवस गेले, आता रंगीत पुड्या आल्या. आम्ल मात्र तेच.

आता प्रत्यक्ष उपचार. प्रथम क्ष-किरणांनी दाताचे छायाचित्र घेतात, कारण मुळांची संख्या, वळणे व टोकाशी साठलेला पू वरून दिसत नाही. नंतर हिरडीत इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात. दाताभोवती रबराचा पातळ पडदा बसवितात. लाळ आत जाऊ नये आणि एखादे बारीक हत्यार घशात जाऊ नये यासाठी. न्यूयॉर्कच्या बार्नम नावाच्या दंतवैद्याने १८६४ साली काढलेली ही युक्ती अद्यापही तितकीच उपयोगी आहे. मग दातास वरून छिद्र पाडून सुईसारख्या बारीक कानशींनी नळ्या साफ करतात व सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुनःपुन्हा धुतात. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी याच पदार्थाचे सौम्य द्रावण वापरले गेले होते. शेवटी कागदाच्या बारीक वातींनी नळ्या कोरड्या करून त्या कायमच्या भरून टाकतात. हे सारे कधी एका बैठकीत होते, कधी दोनतीन बैठका लागतात.

नळ्या भरण्यासाठी जो पदार्थ वापरतात त्याचे नाव गटापर्चा. मलाया द्वीपकल्पातील एका वृक्षाचा तो चीक. ऊन पाण्यात मऊ होणारा व थंड होताच पुन्हा घट्ट होणारा हा चीक सिंगापुरातील इंग्रज वैद्य माँटगोमरी याने १८४३ च्या सुमारास युरोपच्या नजरेस आणला. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही तो कुजत नाही, म्हणून समुद्रतळाशी टाकावयाच्या तारायंत्राच्या तारांना त्याचेच वेष्टण देऊ लागले. १८७० साली एडनहून मुंबईस आलेली समुद्री तार अशाच वेष्टणाची होती. ज्या पदार्थाने अरबी समुद्राचे पाणी तारेपासून दूर ठेवले, तोच आज पेणच्या वा रोह्याच्या दवाखान्यात एखाद्या विद्यार्थ्याच्या दाढेच्या मुळात जंतूंची वाट अडवून बसलेला असतो. विज्ञानाच्या तासाला मुलांना सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

हा उपचार अतिशय वेदनादायक असतो, ही सर्वांत रूढ समजूत. ती पूर्वी निराधार नव्हती. बधिर करण्याची साधने तोकडी होती त्या काळातील आठवणी घराघरांतून पुढच्या पिढीकडे आल्या. स्वीडनमधील लोफग्रेन याने १९४३ साली लिग्नोकेन तयार केले. त्यानंतर दंतवैद्यांच्या हाती भरवशाचे औषध आले. आज उपचाराच्या वेळी बहुतेकांना दाब व कंपन जाणवते, वेदना नव्हे. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. गर अतिशय सुजलेला असेल तर पहिले इंजेक्शन कधी पुरेसे लागू पडत नाही आणि दुसरे द्यावे लागते. उशिरा येणाऱ्यालाच हा त्रास अधिक होतो, आणि मग तोच गावभर आपली कहाणी सांगतो. उपचारानंतर दोनतीन दिवस चावताना थोडे दुखते, तेही खरे. ज्या वेदनेसाठी उपचार करावा लागला तिच्यापुढे ते दुखणे किरकोळ असते.

‘नस काढली म्हणजे दात मेला, मग मेलेला दात तोंडात ठेवावयाचा कशाला?’ हा प्रश्न सुशिक्षितही विचारतात. गर काढलेला दात थंड-गरम ओळखत नाही एवढेच. त्याच्या मुळाभोवतीचे तंतू हाडाच्या रक्तावर जगतात, ते जिवंतच राहतात. म्हणून अशा दातानेही खडा चावला गेला तर तो तत्क्षणी कळतो. पोखरल्यामुळे दाढेच्या भिंती मात्र दुबळ्या झालेल्या असतात. त्यावर टोपी बसवून घ्यावी लागते. पुष्कळ लोक दुखणे थांबले म्हणून टोपीसाठी पुन्हा जातच नाहीत, वर्षा-दीड वर्षात दाढ मधोमध फुटते, आणि दोष उपचाराला लागतो.

वरचा दात काढला किंवा त्याची नस काढली तर डोळा अधू होतो, ही दुसरी समजूत. दातांना संवेदना पुरविणारा मज्जातंतू आणि दृष्टीचा मज्जातंतू हे अगदी भिन्न आहेत. एकाचा उगम, मार्ग व कार्य यांचा दुसऱ्याशी संबंध नाही. गंमत अशी की, या भीतीने लोक सडका दात तसाच ठेवतात, आणि वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला म्हणजे खरोखरच डोळ्याखाली सूज येते. समजुतीने ज्याची भीती घातली ते समजुतीमुळेच ओढवते.

तिसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा वेष घेऊन येतो: मुळे भरलेला दात शरीरात विष पसरवितो व त्यातून हृदयविकार, संधिवात, कर्करोगदेखील होतो. याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९१० साली विल्यम हंटर या लंडनच्या वैद्याने माँट्रियल येथील व्याख्यानात त्या काळच्या दंतवैद्यकावर घाण झाकून ठेवल्याचा ठपका ठेवला. पुढे अमेरिकेत वेस्टन प्राइस याने काढलेले दात सशांच्या कातडीखाली पुरून त्यांना रोग होतात असे प्रतिपादन केले. त्याचे ग्रंथ १९२३ साली निघाले, आणि त्या मतप्रवाहापायी पाश्चात्य देशांत असंख्य लोकांचे बरे होण्याजोगे दात उपटले गेले. नंतरच्या संशोधकांनी तेच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिले, तेव्हा तसे निष्कर्ष निघाले नाहीत; प्राइसच्या प्रयोगांत स्वच्छता अपुरी होती व तुलनेची सोयही नीट नव्हती. १९५१ साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकाने या विषयाचा समग्र आढावा घेतल्यावर दात वाचविण्याकडे पुन्हा कल झाला. धोका असतोच, पण तो उपचार न केलेल्या, मुळाशी पू साठलेल्या दाताचा.

घरगुती उपायांविषयी फार बोलावयास नको. लवंगेच्या तेलाने ठणका काही काळ कमी होतो, आणि त्यातील द्रव्य दंतवैद्यही आपल्या सिमेंटमध्ये वापरतात. परंतु सडलेला गर त्याने जिवंत होत नाही. मशेरीने दाढ बधिर झाल्यासारखी वाटते, व्यसन मात्र जन्माचे जडते, आणि खेदाची गोष्ट ही की लहान मुलींना ती प्रथम दातदुखीवर म्हणूनच मिळते. वेदनाशामक गोळी हिरडीवर दाबून ठेवल्यास हिरडी भाजते. दुकानातून आणलेली जंतुनाशक औषधे नळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण मेलेल्या गरात रक्तच वाहत नाही. गाल सुजला असता बाहेरून गरम शेक देऊ नये, पू कातडीकडे ओढला जाण्याचा संभव असतो. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकू लागली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर ते मूल त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचले पाहिजे.

दात उपटणे स्वस्त व एका फेरीत होणारे, रूट कॅनाल महाग व अनेक फेऱ्यांचे. ही तक्रार खोटी नाही. रोजंदारीवरील आईबापांचा एकेका फेरीला एकेक दिवस बुडतो. त्यांना नुसते अज्ञानी म्हणून चालणार नाही. सर्वच दात वाचविता येतात असेही नाही. मूळ उभे चिरले असेल, दात हिरडीखालपर्यंत फुटला असेल किंवा भोवतालचे हाड झिजून गेले असेल, तर तो काढणेच इष्ट. परंतु वाचण्याजोगी दाढ काढली म्हणजे शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, समोरचा दात लांबत येतो, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा बिघाड पुढे साठ वर्षे चालतो.

प्राथमिक शिक्षकाचा खरा संबंध येतो तो येथे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे मूल पहिलीत बसते तेव्हा, दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. कोणताही दात पडत नाही, ती मुकाट्याने मागून उगवते. म्हणून घरात कोणाच्या ध्यानीही येत नाही. तिला कीड लागली तर ‘दुधाची दाढ आहे, पडेल आणि नवी येईल’ असे वडीलधारे सांगतात. ती पडत नाही व पडली तर पुन्हा येत नाही. ती जन्माची दाढ असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: जबड्याच्या मध्यरेषेपासून एका बाजूस मोजत गेले असता सहावा दात. सहाव्या वर्षी येणारा सहावा दात, एवढे पहिलीच्या पालकसभेत सांगितले तरी पुष्कळ काम होईल. असे चार दात, दोन वर, दोन खाली. तोंडाच्या चावण्याचा मुख्य भार यांच्यावर, आणि आयुष्यात सर्वांत प्रथम किडण्याचा मानही बहुधा यांचाच.

या दाढेची आणखी एक नाजूक बाब आहे. ती उगवते तेव्हा तिची मुळे अपुरी असतात. त्यांची टोके बंद होण्यास आणखी तीनेक वर्षे, म्हणजे नऊदहाव्या वर्षापर्यंतचा अवधी लागतो. मूळ वाढविण्याचे काम आतील गरच करतो. म्हणून दुसरी-तिसरीतील मुलाच्या या दाढेत कीड खोल गेली तर दंतवैद्य शक्यतो सारा गर काढीत नाहीत. वरचा बिघडलेला भाग काढून, औषध घालून, मुळातील गर जिवंत राखण्याचा यत्न करतात. हे साधते ते मूल वेळेवर आले तरच. थंड पाणी पिताना तोंड वाकडे करणारे मूल आणि रात्रभर ठणक्याने जागलेले मूल यांच्यातील अंतर कधी काही आठवड्यांचेच असते. पहिले मूल वर्गातील माठाजवळ दिसते. दुसरे वर्गात दिसतच नाही.

दुधाच्या दाढांवरही असा उपचार करतात, याचे पालकांना नवल वाटते. पडणाऱ्या दातावर खर्च कशाला? पण दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत राहावयाच्या असतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा त्यांनीच राखलेली असते. त्यांच्या मुळात गटापर्चा न घालता मुळाबरोबर विरघळणारे औषध भरतात, जेणेकरून नव्या दाताची वाट अडत नाही.

मैदानावरील अपघाताचेही सांगितले पाहिजे. खो-खोच्या खांबावर किंवा सायकलवरून आपटून पुढचा पक्का दात समूळ निखळला, तर तो टाकून देऊ नये. मुळास हात न लावता वरच्या पांढऱ्या भागास धरून उचलावा, माती लागली असल्यास दुधाने वा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवावा, घासू नये. शक्य असेल तर लगेच त्याच जागी बसवून मुलास रुमाल चावावयास द्यावा. ते न जमल्यास थंड दुधाच्या पेल्यात दात ठेवून तासाभरात दंतवैद्याकडे न्यावे. असा दात पुन्हा धरू शकतो. त्याचा रूट कॅनाल बहुधा पुढील दोन आठवड्यांत करावा लागतो. दुधाचा निखळलेला दात मात्र पुन्हा बसवावयाचा नसतो. नुसता मार लागून न निखळलेला दात काही महिन्यांनी करडा पडू लागला, तर दुखत नसला तरी त्याचा गर मेला असे समजून तो दाखवावा.

२०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांतून दोनदा तपासणी करतात, व त्यांच्या यादीत दंतक्षय आहे. पथक येण्यापूर्वी वर्गशिक्षकाने आपल्या वहीत एका बाजूने चावणारी, गाल सुजलेली, दातदुखीने गैरहजर राहिलेली मुले टिपून ठेवली तर त्या तपासणीस खरा अर्थ येतो. पुढील उपचारासाठी रायगड जिल्ह्यातच पनवेल तालुक्यात खारघर व कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत १९३३ पासून नायर रुग्णालयाचे आणि १९४५ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे खाजगी दवाखान्यांहून खर्च पुष्कळ कमी येतो. उपचार करणारा नोंदणीकृत आहे ना, हे पालकांनी विचारावे. भारतात ही नोंदणी १९४८ च्या कायद्याने सुरू झाली आणि रस्त्याच्या कडेला दात बसवून देणाऱ्यांकडे ती नसते.

लहान मुलांच्या दाढेवर उपचारानंतर पुष्कळदा पोलादाची चकचकीत टोपी बसवितात. ती घालून आलेल्या मुलाला वर्गात ‘चांदीचा दात’ म्हणून चिडवतात, आणि ते मूल हसताना तोंडावर हात धरू लागते. अशा वेळी ते मूल आल्या दिवशीच शिक्षकाने त्या टोपीची हकिगत वर्गाला सांगावी: आत काय होते, काय काढले, कोणत्या झाडाचा चीक किंवा कोणते औषध भरले. दुधाच्या दाढेवरची टोपी तिच्याबरोबरच एके दिवशी गळून पडते. ती हातात घेऊन पाहावयास मग अवघा वर्ग गोळा होतो.